मंगळावर अडकलेली किल्ली

समजा, तुमच्या शाळेत हजेरीपत्रकांचे एकच कपाट आहे आणि त्याला किल्लीही एकच आहे. नियम असा, की ज्याच्या हाती किल्ली त्यानेच पत्रक काढायचे. त्याचे काम संपेपर्यंत इतरांनी थांबायचे. नियम चांगलाच आहे. दोघांनी एकाच वेळी एकाच पत्रकात खाडाखोड केली तर गोंधळ होईल.

एके दिवशी आठवीतला एक मुलगा किल्ली घेऊन पत्रक भरत बसला. मुख्याध्यापकांना तेच पत्रक हवे होते. नियमाप्रमाणे ते थांबले. इतक्यात एक शिक्षक आले आणि मुलाला म्हणाले, "ते राहू दे, आधी बाके हलव." मुलगा गेला, किल्ली त्याच्या खिशात! शिक्षकांना किल्ली नको होती; मुख्याध्यापक खोळंबले आहेत हेही त्यांना ठाऊक नव्हते. नियम कोणीच मोडला नाही. तरीही सर्वांत महत्त्वाचे काम सर्वांत मागे पडले.

नेमका असाच घोटाळा १९९७ साली मंगळावर झाला. ४ जुलै रोजी अमेरिकेचे 'पाथफाइंडर' यान तेथे उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. गोळा झालेली माहिती शाबूत राही. पण त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात.

यानावर एकच संगणक अनेक कामे सांभाळत होता. असा संगणक प्रत्यक्षात एका क्षणी एकच काम करतो. पण तो इतक्या झपाट्याने एकावरून दुसऱ्यावर जातो, की सारी कामे एकदम चालल्यासारखी वाटतात. आधी कोणते करायचे हे अग्रक्रमावरून ठरते. हवामानाच्या नोंदींचे काम खालच्या अग्रक्रमाचे, म्हणजे आपला आठवीतला मुलगा. यानाच्या निरनिराळ्या भागांतील माहितीची ने-आण पाहणारे काम वरच्या अग्रक्रमाचे, म्हणजे मुख्याध्यापक. या दोघांत एक किल्ली सामाईक होती. हवामानाच्या कामाने किल्ली घेतली, की कधीकधी संदेशवहनासारखे मधल्या अग्रक्रमाचे लांबलचक काम मध्येच येई आणि त्याला बाजूला सारी. मग वरचे काम वेळेत संपत नसे. देखरेख करणारी आज्ञावली समजे, काहीतरी भयंकर बिघडले आहे. आणि ती संगणक नव्याने सुरू करी.

मंगळ तेव्हा इतका दूर होता, की संदेश पोहोचायलाच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे. तेथे दुरुस्तीला कोण जाणार? अभियंत्यांनी पृथ्वीवरील तशाच संगणकावर तीच आज्ञावली चालवून अखेर तोच बिघाड घडवून आणला आणि कारण हुडकले.

उपाय सोपा होता. मुख्याध्यापक किल्लीसाठी थांबले, की तेवढ्यापुरता मुलालाच त्यांचा मान द्यायचा! मग शिक्षक त्याला उठवू शकत नाहीत. काम आटोपून तो किल्ली परत करतो आणि त्याचा मानही उतरतो. याला 'अग्रक्रमाचा वारसा' म्हणतात. शा, राजकुमार आणि लेहॉत्स्की यांनी १९९० साली एका निबंधात त्याचे सविस्तर विवेचन केले होते. यानाच्या आज्ञावलीत ही सोय होतीच, फक्त बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती चालू केली आणि बिघाड थांबला.

यातून शिकण्याजोगे काय? हा बिघाड उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही क्वचित दिसला होता. पण मुद्दाम घडवू पाहता तो घडेना, म्हणून कारण सापडले नव्हते. अनेक कामे एकत्र चालतात तेव्हा चूक पुष्कळदा एखाद्या ओळीत नसते. ती घटनांच्या क्रमात लपलेली असते. शंभरदा बरोबर चाललेली आज्ञावली एकशेएकाव्यांदा फसू शकते.

एक प्रयोग करून पाहा. फळ्यावर १०० लिहा. दोन मित्रांनी तो आकडा वाचून पाठ फिरवावी. एकाने मनात ५० मिळवावेत, दुसऱ्याने २०. मग पहिल्याने जुना आकडा पुसून आपले उत्तर लिहावे, नंतर दुसऱ्यानेही तसेच करावे. बेरीज १७० यायला हवी. फळ्यावर किती उरले? आता खडूलाच किल्ली माना, खडू हाती असल्याशिवाय फळा वाचायचाही नाही असे ठरवा आणि पुन्हा करून पाहा.