बोंबील, बदक आणि डाकगाडी

बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' का म्हणतात? गिरगावापासून लालबागेपर्यंत कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. सुक्या बोंबलांच्या गोण्या डाकगाडीनं जायच्या, डब्यांना वास सुटायचा, साहेब नाक मुरडून त्याला 'बॉम्बे डाक' म्हणायचा. पुढे 'डाक'चं 'डक' झालं.

गोष्ट झकास आहे, पण वेळापत्रकात बसत नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ला. 'बॉम्बे डक' हे या माशाचं टोपणनाव म्हणून १८२९च्या एका इंग्रजी पुस्तकात छापलेलं आहे. तेव्हा मुंबईत रूळच नव्हते, तर डब्यांना वास कुठून येणार?

दुसरा समज असा, की मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना 'डक्स' म्हणत, त्यांच्यावरून माशाचं बारसं झालं. १८८६चा 'हॉब्सन-जॉब्सन' कोश नेमकं उलटं सांगतो: माशावरून साहेबांना नाव पडलं. बंगालचे साहेब सतत 'कोई है?' ओरडायचे म्हणून 'क्वी-हाय', मद्रासवाले मुलिगाटॉनी साराचे भोक्ते म्हणून 'मल'. मुंबईकरांच्या वाट्याला बोंबील. याच कोशात माशाचं 'बमेलो' हेही नाव आहे, आणि ते सरळ आपल्या 'बोंबील'वरून उचललेलं. मग बदक कुठून आलं, यावर मात्र कोशकारांचं आजही एकमत नाही.

बदकासारखा पाण्यावर तरंगतो म्हणून 'डक', ही तर शुद्ध थाप. कोळी त्याला पाण्याखाली, डोलीत धरतात. डोल म्हणजे समुद्रात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीचा ओढा मासळी आत लोटतो. म्हणून उधाणाला टोपल्या भरतात आणि भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत भाव चढतो.

बोंबलाला काटा नसतो, हेही अर्धवट खरं. असतो, पण मऊ. अंगात जवळपास ९० टक्के पाणी. तसाच तव्यावर टाकलात तर लगदा होणार. म्हणून चिरून, उलगडून, दोन पाटांमध्ये ठेवायचा, वर वरवंटा. पाणी निथळलं की मग तिखट-मीठ आणि रवा. हॉटेलात कुरकुरीत मिळतो त्याचं श्रेय मसाल्यापेक्षा या दाबण्याला जास्त.

आणि तो एकट्या मुंबईचा नाही. कोलकात्यात तोच 'लोटे' म्हणून विकला जातो. कांदा-लसूण-मिरचीत मोडून परतून त्याची झुरी करतात. तिथे पाट-वरवंट्याची खटपट नाही. लालबागकराला ते पटणार नाही, ते सोडा.