ओझरहून किती लांब?

निफाड तालुक्यातला ओझरचा विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याचा. १९६४ मध्ये मिग-२१ साठी हा कारखाना उभा राहिला, आज इथूनच प्रवासीही उडतात. दिल्ली सरळ रेषेत सुमारे १,००० किलोमीटर, प्रवास दोन तासांच्या आसपास.

लंडनसाठी मात्र मुंबई गाठावी लागते. तिथून अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना साधारण तासभर कमी, कारण उंचावर पश्चिमेकडून वाहणारे जोरदार वारे परतीच्या विमानाला पुढे ढकलतात. निफाडची द्राक्षं मुख्यतः जहाजानेच युरोपला जातात. सुएझमार्गेही त्यांना तीन-चार आठवडे लागतात.

परदेशी निघताना ओझर ते मुंबई विमानतळ या रस्त्यासाठी किमान चार तास वेगळे धरा.