शून्य आकड्याची शंका घ्या

न्यूमोनियाचा रुग्ण सावरू लागतो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी अचानक हुडहुडी भरून ताप चढतो. घरचे म्हणतात, ‘दुखणं उलटलं.’ पण अनेकदा हा तापच नवा असतो: मानेच्या शिरेत बसवलेल्या ‘सेंट्रल लाइन’ या नळीवाटे जंतू रक्तात शिरलेले असतात. दाखल झाल्यावर ४८ तास उलटून गेल्यानंतरचा असा संसर्ग साधारणपणे रुग्णालयातला धरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रीमंत देशांत दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तो गाठतो.

हे मोजण्यासाठी दिल्लीचं एम्स आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांनी देशभर रुग्णालयांचं जाळं उभारलं. भोपाळचं एम्स त्यातलंच. पद्धत साधी, पण चिकाटीची. आयसीयूत रोज ठरलेल्या वेळी खाटांवरून फिरत टिपायचं: रुग्ण किती, सेंट्रल लाइन किती जणांना, लघवीची नळी किती जणांना. रविवार असो वा दिवाळी, खाडा नाही. एका रुग्णाला एक दिवस लाइन असली, की तो एक ‘लाइन-दिवस’. समजा, महिन्याचे असे ३६० लाइन-दिवस भरले आणि रक्तसंसर्ग ३ जणांना झाला, तर दर हजार लाइन-दिवसांमागे ८.३. असा दर काढला, की दहा खाटांच्या आयसीयूची शंभर खाटांच्या आयसीयूशी तुलना करता येते.

या जाळ्यातल्या २६ रुग्णालयांचा मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ चा हिशेब ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. नवजात बाळांच्या आयसीयूत सेंट्रल लाइनच्या संसर्गाचा दर हजारी २० च्या वर निघाला. रक्तात सर्वाधिक सापडला तो क्लेबसिएला हा जंतू, आणि त्यातल्या ७२ टक्के संसर्गांत कार्बापेनेमसारखी राखीव अँटिबायोटिक्सही निकामी ठरली. औषधच चालेनासं झालं, की संसर्ग होऊच न देणं एवढाच मार्ग उरतो.

मार्ग महागडा नाही. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शंभरावर आयसीयूंनी पाच गोष्टी काटेकोर पाळल्या: हात धुणं, लाइन घालताना रुग्णावर पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणं, शक्यतो जांघेत लाइन न घालणं आणि गरज सरताच ती काढणं. तीन महिन्यांत तिथला हजार लाइन-दिवसांमागचा मध्यक दर २.७ वरून शून्यावर आला. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

ते शून्य मोजून मिळालेलं होतं. जिथे नोंदवहीच नाही, तिथेही आकडा शून्यच असतो. त्यामुळे ‘आमच्याकडे इन्फेक्शन होतच नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा आपला दर उघड सांगणारं रुग्णालय अधिक भरवशाचं. आपलं माणूस आयसीयूत असेल, तर डॉक्टरांना रोज एक प्रश्न जरूर विचारा: ‘ही नळी आज काढता येईल का?’