शेणाच्या लढ्यातून उभी राहिलेली माय

यंदा रोवणीच्या आधी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावी धानाच्या बीजप्रक्रियेची सभा घेतली. सभा आटोपून मंडळी उठली, तोच मागून एक आजी म्हणाली, "सायेब, धानाचं झालं. आता या पोराचं काय करू, ते सांगा."

पोरगा सातेक वर्षांचा. आई आधीच वारलेली आणि बाप जंगलात गेला असता वाघाने मारला. बाहेरगावचे एक जोडपे स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊन त्याला न्यायला तयार होते. मी पडलो कृषी खात्याचा माणूस. लगेच उत्तर सुचले नाही. आठवल्या त्या आपल्याच विदर्भातल्या सिंधुताई सपकाळ.

वर्धा जिल्ह्यातील पिंपरी मेघे येथे १९४८ साली त्यांचा जन्म झाला. नको असलेली मुलगी म्हणून घरात नाव पडले 'चिंधी'. शिक्षण चौथीपर्यंत आणि लग्न बालवयातच. सासरी गावातल्या बाया गुरांचे शेण गोळा करीत. त्या शेणाचा पैसा दुसऱ्याच्याच खिशात जाई, बायांना दमडी मिळत नसे. सिंधुताईंनी त्याविरुद्ध आवाज उठविला. शेणखताची किंमत आपण शेतकरी जाणतो, पण ते वेचणाऱ्या बाईची किंमत तिने मागितली, हा तिचा गुन्हा ठरला. तिच्या चारित्र्यावर किटाळ आले. १९७३ मध्ये दिवस भरले असताना नवऱ्याने मारून हाकलले आणि ती गोठ्यात बाळंत झाली. माहेरचेही दार बंद झाले. रेल्वेत भीक मागावी, रात्री स्मशानात निजावे, असे दिवस तिने काढले. हे सारे 'मी वनवासी' या आत्मचरित्रात आले आहे.

भीक मागतानाच टाकून दिलेली लेकरे दिसली, तशी ती जवळ केली. दुजाभाव होऊ नये म्हणून पोटची मुलगी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपविली. पुढे चिखलदरा, सासवड, हडपसर येथे संस्था उभ्या राहिल्या. म्हातारपणी नवरा दारी आला, तेव्हा त्यालाही लेकरू म्हणून ठेवून घेतले. २०२१ चा पद्मश्री मिळाला आणि ४ जानेवारी २०२२ रोजी माई गेल्या.

माईंनी केले ते संगोपन. कायद्याने दत्तक घेणे ही वेगळी बाब आहे. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक यांनी एवढे ध्यानात ठेवावे : अनाथ वा टाकलेले मूल स्टॅम्पपेपरवर देता-घेता येत नाही, तो गुन्हा आहे. असे मूल आढळल्यास २४ तासांच्या आत पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला कळवावे. १०९८ हा फोन फुकट आहे. दत्तकाचा आदेश सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. नातेवाईक सांभाळत असतील तर बालसंगोपन योजनेतून दरमहा अनुदान मिळू शकते.

आठ दिवसांनी अंगणवाडीबाई आजीला व पोराला घेऊन चंद्रपूरला समितीपुढे गेल्या. पोरगा आजीजवळच राहिला, अनुदानाचा अर्जही भरला आहे. परवा मी बांधावर गेलो, तर तो पऱ्ह्याच्या पेंड्या वाहत होता. आजी म्हणाली, "शाळा सुटल्यावर आला जी. पयले शाळा, मंग रोवना."

बंधूंनो, पऱ्हे उपटून दुसऱ्या बांधीत रोवले तरी ते जीव धरते. मात्र रोवणाऱ्याचा हात जपून पडला पाहिजे.