निळा पडदा आला की आधी ड्रायव्हरवर संशय घ्या

नवं सॉफ्टवेअर टाकलं, संगणक रीस्टार्ट केला आणि निळा पडदा! लगेच विंडोज फॉरमॅट करायची घाई नको. आधी नेमकं काय कोसळतंय ते बघा. नुसता तो प्रोग्राम बंद पडत असेल, तर काढून पुन्हा टाका, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. अख्खा संगणकच झोपत असेल, तर मात्र त्या प्रोग्रामने सोबत आणलेला ड्रायव्हर धरायचा. साधा प्रोग्राम मेला तर एकटा मरतो. ड्रायव्हर बहुधा थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतो. तिथे गडबड झाली की डेटा बिघडू नये म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. अँटिव्हायरस, व्हीपीएन, ग्राफिक्स कार्ड ही नेहमीची संशयित मंडळी.

19 जुलै 2024ला हेच जगभर झालं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक सदोष फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख विंडोज संगणक कोसळले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल उडवायची. पण अनेक ठिकाणी ते एकेका संगणकापाशी बसून करावं लागलं.

घरीही वाट तीच. पडद्यावर ‘.सिस’ने संपणारं फाइलचं नाव दिसलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बहुधा तोच गुन्हेगार. विंडोज सुरूच होत नसेल तर लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून संगणक बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग सेफ मोडसाठी 4 दाबा. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाईल; ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, फोनवरून काढा.

सेफ मोडमध्ये मोजकेच ड्रायव्हर चालतात. तिथे संगणक सुरळीत चालला तर संशय पक्का, सॉफ्टवेअर काढून टाका. काही सॉफ्टवेअर तिथे निघतच नाहीत, कारण विंडोज इन्स्टॉलर ही सेवाच सेफ मोडमध्ये बंद असते. मग सिस्टिम रिस्टोअर वापरा. तुमच्या फोटोंना, कागदपत्रांना त्याने धक्का लागत नाही; मात्र रिस्टोअर पॉइंट आधीच तयार झालेला हवा.

एवढं करूनही निळा पडदा येतच राहिला, तर सॉफ्टवेअरला सोडा आणि विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवून रॅम तपासा.