ओल

ओल : पाण्याचा अंश, ओलेपणा. हा शब्द प्राकृत ‘ओल्ल’ या रूपापासून आलेला असून त्याचा संस्कृत समानार्थी शब्द ‘आर्द्र’ होय. वऱ्हाडच्या ग्रामीण बोलीत त्याचा उच्चार ‘वल’ असा होतो. हवेतील बाष्पासाठी शास्त्रीय मराठीत ‘आर्द्रता’ ही संज्ञा योजतात (⟶ आर्द्रता). ‘ओल’ मात्र प्रामुख्याने माती, भिंत, धान्य, वस्त्र इ. पदार्थांत मुरलेल्या पाण्याची वाचक आहे.

विशेषण म्हणून या शब्दाचे अर्थ बरेच विस्तारले आहेत. ओले कापड भिजलेले असते. पण ओले खोबरे किंवा ओली हळद म्हणजे न वाळलेली, ताजी. ओली बाळंतीण म्हणजे नुकतीच प्रसूत झालेली स्त्री. ओल्या कचऱ्यात स्वयंपाकघरातील कुजणारे पदार्थ मोडतात. ‘हात ओला तर मित्र भला’ या म्हणीत हाताची ओल दातृत्व सुचविते, तर ‘मायेचा ओलावा’ या प्रयोगात ती जिव्हाळ्याची निदर्शक आहे. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ या म्हणीत ओले म्हणजे निर्दोष.

कृषिव्यवहारात हे अर्थभेद विशेष महत्त्वाचे ठरतात. अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार परिसरात ‘ओलीत’ म्हणजे विहिरीच्या वा कालव्याच्या पाण्यावर भिजणारी शेती. तिच्या उलट ‘कोरडवाहू’. पेरणीसाठी नुसती ओल पुरत नाही, वाफसा यावा लागतो. मातीच्या पोकळ्यांत पाणी व हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची ती अवस्था होय. चिकणमातीयुक्त काळी जमीन ओल दीर्घकाळ धरून ठेवते. परंतु ती भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. डवरणीने वरचा थर भुसभुशीत केल्यास या भेगा बुजतात आणि खालची ओल टिकते.

संत्र्याच्या बागेत ओल हेतुपुरस्सर तोडतात. यास ‘ताण देणे’ म्हणतात. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी बंद करून झाडांना विश्रांती देतात व नंतर पुन्हा पाणी देऊन फुलोरा आणतात. भारी जमिनीत ताण बसण्यास हलक्या जमिनीपेक्षा अधिक काळ लागतो. अवकाळी पावसाने ताण मोडल्यास फुलोरा कमी येऊन वर्षाचे उत्पन्न धोक्यात येते.

बाजारात ओल मोजली जाते. मातीचा नमुना १०५° से. तापमानाला वाळवून वजनातील घट काढतात. कापसासाठी आर्द्रतामापक वापरतात. भारतीय कापूस निगमाच्या खरेदीत ८ टक्के ओलीला पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे भाव कमी होतो व त्याहून ओला कापूस स्वीकारला जात नाही. दिवाळीच्या सुमारास दवात वेचलेला कापूस न वाळविता विकल्यास शेतकऱ्याचे नुकसान होते ते यामुळेच.

‘ओला दुष्काळ’ ही संज्ञा अतिवृष्टीने पिके नष्ट झाल्याची स्थिती दर्शविते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत तिला स्थान नाही. साहाय्य मिळते ते अतिवृष्टी वा पूर या सदराखाली, पिकाची हानी ३३ टक्के वा अधिक असल्यास. लोकभाषेत रूढ असलेला शब्द शासकीय परिभाषेत नसल्यामुळे ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी व प्रत्यक्ष मिळणारे साहाय्य यांत अंतर पडते.