नावात देश, नावात झाडी

भाषेला नाव मिळण्याचे मार्ग मोजकेच असतात. काही भाषा देशाच्या नावाने ओळखल्या जातात, काही लोकसमूहाच्या नावाने, तर काही केवळ भूमीच्या रूपावरून. आणि नाव यांपैकी कोणत्या मार्गाने आले यावरून त्या भाषेने देशाच्या वतीने बोलावे की पंचक्रोशीपुरतेच, हे पुष्कळ अंशी ठरत आले आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील वडसा हे गाव या विचारासाठी सोयीचे आहे, कारण मराठी, हिंदी, झाडीबोली आणि गोंडी या तिन्ही प्रकारच्या नावांच्या भाषा या परिसरात एकमेकींच्या शेजारी नांदतात. खुद्द गावालाही दोन नावे आहेत: रेल्वे स्थानकाच्या पाटीवर वडसा आणि तालुक्याच्या दप्तरात देसाईगंज.

‘हिंदी’ हा मुळात फारसी शब्द असून त्याचा अर्थ ‘हिंदची’ एवढाच आहे. राज्यघटनेच्या ३४३व्या अनुच्छेदाने हिंदीला संघराज्याची राजभाषा, म्हणजे कारभाराची भाषा, ठरवले. राष्ट्रभाषा असे कोठेही म्हटलेले नाही. तरीही सामान्य बोलण्यात ‘राष्ट्रभाषा’ हे बिरूद तिला चिकटून राहिले आहे, आणि नावातच देश असणे हे त्यामागील एक कारण मानायला हरकत नसावी. मराठीचेही फार वेगळे नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी रंगनाथ पठारे समितीने जी मांडणी केली तिच्यात महाराष्ट्री प्राकृत आणि मराठी या एकाच भाषेच्या दोन अवस्था ठरतात, आणि या धाग्याला ‘महाराष्ट्र’ या नावाचा मोठाच आधार मिळतो. मात्र नाव एक म्हणजे राज्यही एकच, हे समीकरण वैनगंगेकाठी आपोआप जुळले नव्हते. जुन्या मध्य प्रांतात मोडणाऱ्या या मुलखाचे स्वतंत्र विदर्भ राज्य व्हावे अशी शिफारस राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये केली होती, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांची राज्ये एकाहून अधिक असण्यात आयोगाला काही वावगे दिसले नव्हते. पुढे १९५६ चे द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० चा महाराष्ट्र असा प्रवास झाला.

झाडीबोलीच्या नावात ना देश आहे ना जात. आहे ते केवळ रान. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून जो वनप्रदेश होतो त्याला झाडीपट्टी म्हणतात, आणि तेथील मराठीच्या रूपाला झाडीबोली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर या बोलीचा अभ्यास करून हे नाव विद्वानांच्या चर्चेत रुजवले. या बोलीत ण, ळ, श हे ध्वनी नाहीत, म्हणून पाणी ‘पानी’ होते, शेत ‘सेत’ होते आणि जवळ ‘जवर’. वऱ्हाडात ज्याला ‘डोया’ म्हणतात तो डोळा येथे ‘डोरा’ होतो, एवढ्या एका शब्दावरून बोलणारा कोणत्या अंगाचा हे जाणकार ओळखतो. नावातील ‘बोली’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कोकणीच्या पुरस्कर्त्यांनी आपली भाषा मराठीची बोली नव्हे हे ठासून मांडले, १९७५ मध्ये साहित्य अकादमीची मान्यता, १९८७ मध्ये गोव्याचा राजभाषा कायदा आणि १९९२ मध्ये घटनेची आठवी अनुसूची असे टप्पे गाठले. झाडीबोलीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी मात्र आपल्या भाषेला नाव देतानाच तिला मराठीच्या घरात ठेवले. हा संकोच म्हणावा की शहाणपण, यावर दुमत होऊ शकते. पण वेगळे राज्य मागणाऱ्या प्रदेशात वेगळी भाषा मागितली गेली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. दिवाळीनंतर मंडई नावाच्या जत्रा भरू लागल्या की येथील नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगाव निघतात आणि प्रयोग रात्रभर चालतात. या रंगभूमीवरील कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या नाटकांत नायक-नायिका बहुधा प्रमाण मराठीत दुःख करतात आणि झाडीबोली विनोदी पात्राच्या तोंडी येते. ज्या प्रदेशाच्या नावावर रंगभूमी उभी आहे त्याच्या बोलीला रंगमंचावर हशाच तेवढा वाट्याला यावा, हे थोडे खटकते.

गोंडीची गोष्ट याहून निराळी आहे. ‘गोंड’ हे इतरांनी दिलेले नाव असून हे लोक स्वतःला ‘कोयतोर’ म्हणवतात. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली तेव्हा तिचे नाव ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल’ असे ठेवले, त्यात ‘गोंडी’ हा शब्द नाही. सरकारी गणतीत परिस्थिती उलटी दिसते. २०११ च्या जनगणनेत गोंडी या शीर्षकाखाली २९ लाख ८४ हजार भाषक नोंदले गेले, आणि ‘कोया’ हे शीर्षक स्वतंत्र राहून त्याखाली सुमारे चार लाख. म्हणजे ज्या नावाने एकत्र यायचे तेच नाव यादीत वेगळा रकाना झाले. त्यातच लिप्या दोन: मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली मसराम लिपी आणि आदिलाबादकडील गुंजाला गावच्या हस्तलिखितांतून पुढे आलेली गुंजाला लिपी.

सीमेपलीकडे छत्तीसगडीचे दैव असेच विचित्र आहे. २००० मध्ये राज्य तिच्या नावाचे झाले, २००७ मध्ये तिला राजभाषेचा मान मिळाला, पण २०११ च्या जनगणनेत तिचे १ कोटी ६२ लाख भाषक हिंदीच्या ५२ कोटी ८३ लाखांत मिळवलेले आहेत. ही बेरीज कोणी कोणत्या नावाखाली करायची हे ज्याच्या हाती, बहुसंख्या त्याच्या बाजूची दिसते. बेरजेसारखी वजाबाकीही नावांचीच असते: युगोस्लाव्हिया फुटल्यावर एका सर्बो-क्रोएशियनच्या चार भाषा झाल्या. व्याकरण जवळपास जागच्या जागी राहिले.

झाडीबोलीला जनगणनेच्या त्या यादीत मराठीखालीही जागा नाही. मातृभाषा विचारली की वडसा परिसरातील माणूस ‘मराठी’ असेच सांगतो, गणनाकार तसेच लिहून घेतो, आणि ‘जवर या, बसा’ म्हणून त्या गणनाकाराला पानी विचारले जाते.